चिंतामणी रंगाचा सेमिनार

मी पालघरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते, असं माझ्या नातेवाइकांना वाटतं. पगारही त्याच नावाखाली मिळायचा. पण शेवटची बरीच वर्षं माझ्या गळ्यात पडलेलं खरं काम वेगळंच होतं. एम.एस्सी.च्या मुलामुलींना फळ्यासमोर उभं करायचं, आणि सेमिनार संपेपर्यंत ती उभीच राहतील एवढं बघायचं.

हा सेमिनार म्हणजे काय, ते आधी सांगते. प्रत्येकाने एक विषय घ्यायचा, त्यावर वाचायचं, प्रयोग केले असतील तर ते मांडायचे, स्लाइडा बनवायच्या आणि वर्गासमोर उभं राहून बोलायचं. मग प्रश्नोत्तरं. मार्क आमच्याच हातात. ऐकायला कोण, तर कॅन्टीनमध्ये रोज ज्यांच्या बशीतला वडा उचलतो तीच मंडळी. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. पण सल्फ्युरिक ॲसिडची बाटली दुधाच्या पिशवीसारखी हाताळणारी मुलं नुसतं 'गुड मॉर्निंग' म्हणताना पांढरी पडायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बोलायचं इंग्रजीत. मुलं तर कोळीवाड्यांतली, वाड्यांमधली, पाड्यांवरची. घरात बोलायची एक भाषा, मित्रांशी दुसरी, आणि या उभं राहण्याची तिसरीच.

मग त्यातून सुटायला काय काय कला! एक मुलगी सेमिनारभर आमच्याकडे पाठ करून पडद्याशीच बोलली. तिची वेणी मी आजही गर्दीत ओळखीन. वैतरण्याहून येणाऱ्या एका मुलाने सुरुवातीलाच पंखे बंद करायला लावले. कारण विचारलं तर "मायक्रो पार्टिकल्स उडतात, मॅडम." एप्रिल महिना. आम्ही सगळे घामाने निथळतोय आणि हा थंड. शेवटी कळलं की टेबलावर त्याने चिठ्ठ्या मांडल्या होत्या, त्या उडू नयेत म्हणून ही व्यवस्था. आणि एकाने पडद्यावर येईल ते वाचायचंच असं ठरवलं होतं. मधे एक स्लाइड भरायची राहिली होती. त्याने गंभीर आवाजात वाचलं, "क्लिक टू ॲड टेक्स्ट." आणि वर विचारलं, "एनी डाउट्स?"

अशा वेळी मी शेवटच्या बाकावर बसून चष्मा पुसत असे. मुलांना वाटायचं मॅडम बारकाईने बघतायत. मी हसू दाबत असे.

पण एक आठवण हसण्यातली नाही. मनोरच्या पुढच्या पाड्यावरचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. पेपरात छान मार्क, प्रॅक्टिकलला हात एकदम स्वच्छ. सेमिनारच्या आठवड्यात तो यायचा बंद झाला. असं होत असतं, घरची कामं निघतात, कोणी कामाला बाहेर जातं. बरीच वर्षं गेली आणि एकदा हायवेवरच्या पेट्रोल पंपावर आमच्या गाडीत पेट्रोल भरायला तोच आला. ओळख दिली, आनंदाने बोलला. मी विचारलं, "अरे, सोडलंस का?" तो नळी हातात धरून म्हणाला, "मॅडम, पेपर जमत होते. ते उभं राहायचं नाय जमत होतं." मग त्याने न सांगता गाडीची काच पुसून दिली.

हे मुद्दाम सांगितलं. पुढे मी जे वागले ते का वागले, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

कोरोनातले ते दिवस आठवा. कॉलेज आधी मोबाइलवर भरायचं आणि मग हळूहळू खरोखरचं भरायला लागलं. मी ज्या वर्गाला महिनोन्‌महिने शिकवलं होतं, त्याची मला तोंडं माहीत नव्हती. मला माहीत होते काळे चौकोन. त्यातल्या एका चौकोनाचं नाव प्राजक्ता तामोरे. दांडीच्या कोळीवाड्यातली. तिने माइक कधी उघडला नाही, पण खाली टाइप करून अशी उत्तरं द्यायची की मी ती दुसऱ्या वर्गात माझी म्हणून वापरली. मुलं कॉलेजात यायला लागली तेव्हाही सगळ्यांच्या तोंडाला मास्क. वर्गातल्या अर्ध्यांनी उरलेल्या अर्ध्यांना पाहिलेलंच नव्हतं.

तर सेमिनारच्या दिवशी "प्राजक्ता तामोरे" असा पुकारा झाला आणि पांढरा कोट, निळा मास्क घातलेली एक मुलगी ताडताड चालत पुढे आली. विषय होता रंगीत सांडपाण्यातून रंग काढून घेणं. कारखान्यांनी भरलेल्या आमच्या बोईसरकडच्या मुलांना हा विषय शोधायला लांब जावं लागत नाही. नारळाच्या करवंट्यांचा कोळसा करायचा, तो रंगाच्या पाण्यात टाकायचा, रंग कोळशाला चिकटतो आणि पाणी निवळतं. साधी गोष्ट आहे, पण आकडे आणि आलेख आले की तीच रूक्ष होते.

या मुलीने ती रूक्ष होऊच दिली नाही. एका एका बाकाकडे बघत बोलली. इंग्रजी वाक्य अडलं की सरळ मराठीत शिरायची, पुन्हा बाहेर यायची. "हा बघा मिथिलीन ब्लू, म्हणजे आपला चिंतामणी," असं म्हणून तिने रंगाच्या पाण्याची बाटली हातावर अशी आडवी धरली की मागच्या बाकावरच्या मुली पुढे वाकल्या. "आणि हे कोळशानंतरचं. बघा, हात लावून बघा." पहिल्या रांगेतल्या दोघीतिघींना तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. त्या दिवसांत खोकला म्हणजे काय, मी त्यांना ताबडतोब बाहेर काढलं. बाहेर जाऊन त्या भिंतीला टेकून हसत होत्या, हे मला कळायला पुढे बराच वेळ लागला.

शेवटी मी एक प्रश्न विचारला. कोळसा वाढवला नाही आणि रंग वाढवत नेला, तर आलेख एका जागी सपाट होतो. का? ती क्षणभरही गडबडली नाही. "ते आत्ता नाय, मॅडम. उद्यापर्यंत बघून ठेवते." आणि वर्गाकडे वळून, हात पुढे पसरून, "अजून काही दाखवू?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. वर्गात सगळ्यात जास्त मार्क तिलाच दिले. आमचे विभागप्रमुख पाटकर सर, जे कोणाचं कौतुक करायचं तर आधी खिडकी बंद करून घ्यायचे, त्यांना जाऊन सांगितलं, "सर, या तामोरेला ऐका एकदा."

काही आठवड्यांनी भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला मी बोईसरला स्टेशन रोडवरच्या एका दुकानात गेले. काउंटरच्या पलीकडे गादीवर एक मुलगी साड्यांच्या ढिगात बसली होती. शेजारच्या बाईंना तिचं चाललं होतं, "भाभी, ये कलर आप पे खिलेगा, मैं झूठ नहीं बोलती." मग माझ्याकडे वळून, "काय दाखवू, मावशी? चिंतामणी बघता? लग्नात उठून दिसतो."

मी दचकले. मास्क निळाच. साडी हातावर आडवी धरायची पद्धत तीच. तिने मात्र मला ओळखलं नव्हतं. त्या दिवशी मी कोटात आणि मास्कमध्ये होते, आज मास्क हनुवटीखाली आणि अंगावर पंजाबी ड्रेस.

मग मला जरा चेव आला. मी तिला पैठण्या काढायला लावल्या, नारायणपेठ काढायला लावल्या, वरच्या फळीवरच्या गडवाल काढायला लावल्या. ती न कंटाळता उलगडत होती. समोर साड्यांचा डोंगर झाल्यावर तिने हात पुढे पसरले. "अजून काही दाखवू?"

"रंग जातो का गं याचा?"

"नाय मावशी, पक्का हाय."

"आणि पाण्यात गेलाच, तर करवंटीचा कोळसा किती घालायचा?"

तिचा हात साडीवर तसाच राहिला. डोळे मोठे झाले.

"मॅडम?"

"तामोरे ना तू?"

"हो." मग खालच्या आवाजात, "पण ती नाय. मी मोठी. हर्षदा."

मालक गल्ल्यावरून बघत होता, म्हणून ती साड्यांच्या घड्या घालत बोलत राहिली आणि मी एकेक साडी पुन्हा उघडत राहिले. आमचं बोलणं चाललंय आणि गिऱ्हाईकही चाललंय, असा देखावा आम्ही दोघींनी छान उभा केला.

"ती जेवत नव्हती, मॅडम. सेमिनार जवळ आला तशी रात्रभर जागी. म्हणाली, ताई, मी कॉलेज सोडते. आमच्या घरात एवढं शिकलेलं कोण नाय. मी म्हटलं, मी जाते. हाय काय त्यात? मी दिवसभर बायकांशी बोलतेच. तोंडाला मास्क हाय, कोण बघतंय."

"आणि ते केमिस्ट्री? तुझं शिक्षण?"

"बारावी कॉमर्स. तिनं शिकवलं ना! मी बोंबील साफ करायला बसले की समोर येऊन बसायची. मला नाय कळलं की पुन्हा पहिल्यापासून. मी चिडायची, ती नाय चिडायची. कोळशाची भोकं मला स्वप्नात यायला लागली, मॅडम."

मी साडी घेतली. भाव केला नाही. भाव केला असता आणि तिने कमी केला असता, तर त्याला लाच म्हणायचं का, आणि ती कोणी कोणाला दिली म्हणायची, हा प्रश्न उभा राहिला असता.

घरी आल्यावर मात्र माझी झोप उडाली. परीक्षेत एकाच्या जागी दुसरं बसवणं याला नियमांत काय म्हणतात आणि त्याचं पुढे काय होतं, ते मला पाठ होतं. पाटकर सरांना तर त्याहून पाठ होतं. त्यांच्या कानावर घातलं असतं तर प्राजक्ता त्याच आठवड्यात घरी बसली असती. आणि गप्प बसले असते, तर खोटे मार्क खरे झाले असते. पण मला सतावत होतं ते तिसरंच. वर्गासमोर तोंड न उघडणाऱ्या या मुलीने बारावी कॉमर्स झालेल्या बहिणीला माझा विषय इतका पक्का शिकवला होता की मी फसले. मला इतक्या वर्षांत असा एक विद्यार्थी तयार करता आला होता का, याचा मी विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाहीर केलं की प्राजक्ता तामोरेच्या सेमिनारची नोंद काही कारणाने रद्द करावी लागतेय. तो पुन्हा होईल. शिवाय चांगला झाला होता म्हणून पाटकर सर स्वतः ऐकायला येतील.

दुपारी ती स्टाफरूमच्या दाराशी आली. मास्क काढून हातात चुरगाळलेला. बारीकशी, बहिणीपेक्षा बोटभर उंच. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मॅडम, मी... ती मी नव्हते."

"ठाऊक आहे. साडी भाचीला फार आवडली."

ती रडायला लागली आणि रडता रडता तिला उचकी लागली. मी पाणी दिलं. मग सांगितलं, "पुन्हा सेमिनार दे, स्वतः. मी मार्क नव्याने देईन. आधीचं तुझं-माझं इथेच संपलं. नाही दिलास तर मात्र मला सरांना सांगावं लागेल."

"मला नाय जमणार, मॅडम. सगळे बघायला लागले की डोक्यातलं सगळं जातं. ताई समोर असली की येतं."

"मग ताईला समोर बसवू."

"तिला कसं आत घेतील?"

ते माझ्यावर सोड म्हटलं. पाटकर सरांकडे गेले आणि म्हटलं, विषय रंगांचा आहे, तेव्हा वस्त्रोद्योगातल्या एका अनुभवी बाईंना पाहुण्या म्हणून बोलावलंय. यात एकही शब्द खोटा नव्हता. सर खूश झाले. उद्योगाशी संबंध जोडायचे, असं वरून पत्रावर पत्र येत होतंच.

सेमिनारच्या दिवशी हर्षदा दुकानातली तिच्या ऐपतीबाहेरची सिल्क साडी नेसून आली. पाटकर सरांनी तिला गुलाब दिला, पहिल्या रांगेत मधली खुर्ची दिली आणि इंग्रजीत विचारलं की मार्केट सध्या कसं आहे. हर्षदा म्हणाली, "सीझन हाय सर, गिऱ्हाईक हलत नाय बघा जागेवरून." सरांनी मान डोलावली. खोकणाऱ्या मुली या वेळी आपण होऊन मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

प्राजक्ता उभी राहिली. पहिली स्लाइड पडद्यावर आली. ती पडद्याकडे बघे, आमच्याकडे बघे, पुन्हा पडद्याकडे. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पॉइंटरचा लाल ठिपका पडद्याऐवजी छतावर नाचत होता. पाटकर सरांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, संपलं. मी हिला वाचवायला निघाले आणि सगळ्यांच्या देखत बुडवलं. हायवेवरचा तो पेट्रोल पंप माझ्या डोळ्यांपुढे आला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"अगं, ते कोळशाचं मला अजून नाय कळलं. त्याला भोकं कशाला पायजेत?"

प्राजक्ताचं तोंड उघडलं ते थेट घरच्या आवाजात. "कितींदा सांगू तुला? भोकं हायत म्हणून तर जागा हाय! बाहेरून एवढासा तुकडा दिसतो, आतून उलगडला तर या खोलीएवढा होईल!"

"एवढासा तुकडा? काहीतरीच."

"थांब, दाखवते." आणि ती फळ्याकडे गेली.

त्यानंतर तिला कोणी थांबवू शकलं नाही. फळ्यावर चित्र काढलं, पडद्यावर आलेख दाखवला, इंग्रजी शब्द आपोआप येत गेले, कारण तेही तिने याच बहिणीसाठी शंभरदा म्हटलेले होते. मधे मधे पाहुण्या बाई शंका काढत होत्या आणि वक्त्या त्यांच्यावर खेकसत होत्या. पाटकर सर चकित होऊन एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. उद्योगातल्या लोकांशी असं बोलायचं असतं हे त्यांना नवीन होतं.

शेवटी सरांनी नेमका तोच प्रश्न विचारला. आलेख सपाट का होतो?

प्राजक्ता आता सरांकडे बघून बोलत होती. "सर, टोपली भरली की समुद्रात कितीही मासळी असू दे, टोपलीत तेवढीच राहते. कोळशावरच्या जागा भरल्या की रंग पाण्यातच राहणार." आणि मग तिने समीकरण लिहिलं.

"हे मला नव्हतं सांगितलंस!" हर्षदा खुर्चीतून ओरडली.

"तू विचारलंच नाय!"

मी मार्क दिले. बहिणीपेक्षा थोडे कमी. पुढे बरेच दिवस प्राजक्ता त्यावरून माझ्याशी वाद घालत असे, आणि वाद घालताना तिचा आवाज खाली कॅन्टीनपर्यंत जायचा. आता ती एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. पाटकर सर केव्हाच निवृत्त झाले. वस्त्रोद्योगातल्या त्या बाई कोण होत्या, हे त्यांना हा लेख वाचूनच कळेल. सर, रागावू नका. गुलाब वाया गेला नाही.

कारण त्या दिवशी जाताना हर्षदाने मला जिन्यात गाठलं होतं. गुलाब हातात फिरवत म्हणाली, "मॅडम, बारावीनंतर बाहेरून बी.कॉम. करता येतं का?" मी म्हटलं, येतं. तिने केलं. दुकान सांभाळून, धडपडत, पण केलं. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करून तो परीक्षकांसमोर मांडायचा होता. विषय तिने स्वतः निवडला, साडीच्या दुकानात गिऱ्हाईक 'नाही' का म्हणतं. यावर तिच्यापेक्षा जास्त कोण बोलणार!

त्या सकाळी मी मोगऱ्याला पाणी घालत होते, तेव्हा तिचा फोन आला.

"मॅडम, माझे हात थंड पडलेत."

"तुझे? तू तर भरल्या वर्गात केमिस्ट्री बोललीस!"

"तेव्हा नाव तिचं होतं ना. चुकलं असतं तर ती चुकली असती. आता माझं नाव पुकारणार." तिचा श्वास ऐकू येत होता. "प्राजक्ता इथेच उभी हाय. म्हणते, ताई, मी जाते तुझ्याऐवजी."

"मग?"

"मी म्हटलं, आता मास्क कुठाय गं तोंडाला?" ती हसली, पण हसू अर्ध्यात तुटलं.

पलीकडे आतून कोणीतरी नाव घेतलं. "तामोरे हर्षदा." एकदाच. मग पुन्हा, जरा जोरात. फोन बंद करायचं ती विसरली असावी. दार उघडल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आला. मी पाण्याचा पाइप खाली ठेवला.

"गुड मॉर्निंग, सर," ती म्हणाली. "माझं नाव हर्षदा तामोरे."

मी फोन ठेवून दिला. तिथून पुढचं ऐकायला मला कोणी बोलावलेलं नव्हतं.